धुईचा पहिला घोट

१३ डिसें., शनि.

सकाळी दार उघडलं तर समोर गोठा नाही. लिंबाचं झाड नाही, विहीर नाही, डोंगरावरच्या पवनचक्क्या तर नाहीतच. नुसती धुई. तिच्या आत कुठेतरी आमची चांदी गाय हुंकारली, तेव्हा कळलं की गोठा जागेवर आहे. चहा घेऊन उंबऱ्यावरच बसले. किती वेळ कोण जाणे. चहा निवला. या साक्रीकडच्या थंडीत चहाला निवायला निमित्त लागत नाही म्हणा.

जळगावात, आमच्या पिंप्राळ्याला, सकाळ म्हणजे रिक्षांचे हॉर्न आणि दारात फॉल-पिकोच्या साड्यांच्या पिशव्या. सासूबाई भाद्रपदात गेल्या. आबा एकटे पडले म्हणून 'दिवाळीपर्यंत राहते' म्हणून इथे आले. दिवाळी होऊन गेली. शिलाई मशीनही मागवून घेतलं. हे नोकरीपायी जळगावला, रविवारी येऊन जातात. मी कधी परत यायचं ते हे विचारत नाहीत, मीही विषय काढत नाही.

चांदी आता दिवसांत आहे. कास तटतटलीय. सासूबाईंना (सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, मीही) दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा खाटेवरून एवढंच म्हणाल्या, "चांदीनं वासरू दखीसन जासू." वासरू न बघताच गेल्या. तेव्हापासून आबा अर्धी भाकरी खातात, तीही गोठ्यात चांदीपाशी बसून. त्या वासराकडे डोळे लावून बसलेत. मला दिसतं ते.

१५ डिसें., सोम.

व्याली! उजाडता उजाडता. कालवड. राखी-पांढरी, अगदी बाहेरच्या हवेच्या रंगाची. मी मनातल्या मनात नाव ठेवून टाकलं, धुई. आबांना सांगितलं नाही. नावं ठेवणं बाईंचं खातं होतं.

आबांनी लोट्यात पहिला चीक काढला, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि बांधावरच्या म्हसोबाला निघाले. जाताना बजावलं, "जार पडाना पह्यले तिले थानले लावू नको. आमना घरमा तसंच व्हत उनं शे." वासरू खुंटीला बांधलं, चांदीपासून लांब. मी पोत्यावर बसून राहिले. ते माझ्या बांगड्या चाटत होतं. उठायचं, चारी पाय चार दिशांना जायचे, पुन्हा बसायचं. चांदी सारखी हंबरत होती.

आबा देवाकडून आले तरी जार, म्हणजे वार, पडलेली नव्हती. मग दोघंही बसलो. ऊन आलं, धुई विरली, डोंगरावर पवनचक्क्या एकेक करून उगवल्या. त्या फिरताना पाहिल्या की मला गुंगी येते, आजही आली. जार पडली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. "लाव आते," आबा म्हणाले. तिने दोन-चार घोट घेतले आणि मान टाकून झोपली. दमली असेल.

बेंबीला आबांनी राख लावली. आज त्यांनी पाऊण भाकरी खाल्ली.

१६ डिसें., मंगळ.

खरवस केला. गूळ, वेलदोडा, थोडं जायफळ. घरोघर वाट्या पोचवल्या. शेजारच्या लीलाक्का, बाईंची जिवाची मैत्रीण, नशिराबादला लेकीकडे गेल्यात. त्यांची वाटी मीच खाल्ली. दोन वेळा.

धुई इतकी गुणी आहे! ओरडत नाही, उधळत नाही, थानाला ढुश्या देत नाही. नुसती पडून उन्हाकडे बघते. मी तिच्या शेजारी जाऊन बसते, मग दोघी मिळून बघतो. लहानपणी आई मला हाक मारून विचारायची, जागी आहेस का गं? घरात कुणीतरी आपल्या जातकुळीचं आलं असं वाटलं.

१८ डिसें., गुरु.

शेपटी भरलेली. शेण कसलं, पांढरट पाणीच. वास उग्र. आबा म्हणाले, दूध पचलं नाही, आजचा दिवस तोडू. तोडलं. दु. ती माझ्याकडे बघत होती, पण बघत नव्हती. मला आपलं वाटलं, स्वप्नात आहे.

काही तरी चुकतंय.

१९ डिसें., शुक्र.

जनावरांच्या डॉ. बाई आल्या. तरुण आहेत, स्कूटरवरून येतात, माणसांशी कमी आणि जनावरांशी जास्त बोलतात. आल्या आल्या धुईलाच म्हणाल्या, "काय गं, अशी का पडलीस?"

मग मला कामाला लावलं.
"कान धरा. कसे आहेत?" गार. पायही गार.
"तोंडात बोट घाला. ओढते का?" नुसतं धरून ठेवलं.
"मानेची कातडी चिमटीत धरून सोडा." सोडली. चुणी तशीच उभी राहिली, मग सावकाश बसली. जन्मभर साड्यांच्या निऱ्या धरल्या, पण चुणी बसायची अशी वाट आज पहिल्यांदा बघितली.
डोळे खोल गेलेत, अंगातलं पाणी गेलंय, म्हणाल्या.

मी म्हटलं, फार शांत आहे हो, मला वाटलं स्वभाव. त्या हसल्या नाहीत. "ताई, वासरू शांत असलं की घाबरायचं. चांगलं वासरू छळतं."

शिरेतून सलाईन. एक इंजेक्शन. सलाईन लावता लावता विचारलं, "चीक कधी पाजला?" आबा चांदीकडे वळले. मीच म्हटलं, जार पडल्यावर. "म्हणजे कधी?" ऊन कलल्यावर.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे सांगितलं. वासरू जन्माला येतं तेव्हा रोगाशी झुंजायला त्याच्या अंगात काही नसतं, ते सगळं चिकातून मिळतं. तेही पहिल्या काही तासांतच, पुढे आतडं ते आत घेत नाही. आणि वासरू प्यायलं तर जार उलट लवकर पडते. दूध तोडायचं नाही, थोडं थोडं पाजायचं, मधे मीठ-साखरेची पावडर पाण्यातून. बूड कोरडं, अंग ऊबदार, बेंबी बघत जायची.

आबा खांबाला टेकून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "डॉक्टरीनबाई, मन्ही हयाती गई. आमना घरमा असं एक बी वासरू गयं नही."
त्या सलाईनची नळी गुंडाळत राहिल्या. आबा खोटं बोलत नाहीत, हे मला माहीत आहे. डॉ. बाईही खऱ्या वाटल्या. दोन्ही खरं कसं असेल?

२० डिसें., शनि.

थंडी मी म्हणतेय. बाईंचं जुनं हिरवं लुगडं काढलं, आतून पोत्याचं अस्तर लावलं आणि मशीनवर धुईची झूल शिवली. सवयीने कडेला पिकोही घातला. वासराच्या झुलीला पिको! पिंप्राळ्याच्या गिऱ्हाइकांना सांगितलं तर मला वेड्यात काढतील.

घातली. चांदीने वाकून वास घेतला. मग पुन्हा. मग तिने धुईला सोडून लुगड्यालाच चाटायला सुरुवात केली. आबा बघत होते. उठून मळ्याकडे गेले, उगीचच.

२१ डिसें., रवि.

दिवसभर तेच. कान, तोंड, चिमटी. कान, तोंड, चिमटी. कान कोमट वाटले की मी खूष, पुन्हा गार लागले की पोतं शेकून आणते. बाटलीला बूच लावतानाही माझं लक्ष तिच्या कुशीकडे, श्वास भरभर चालत नाही ना. हे आले होते. म्हणाले, तुला इतकं जागं मी कधी पाहिलं नाही.

दु. गोठ्यातच डोळा लागला. स्वप्नात बाई आल्या. चुलीपुढे बसतात तशा धुईपुढे बसलेल्या, पदर खोचलेला. मी म्हटलं, बाई, ती पीत नाही हो. त्या म्हणाल्या, सरक. एवढंच. मी सरकले आणि जाग आली. धुईने माझी करंगळी तोंडात घेतली होती आणि ओढत होती. हळू, पण ओढत होती. मी रडले. आनंदाने.

२२ डिसें., सोम.

आबा आज आपणहून बोलले. चांदीची पाठ खाजवत होते, मी दूध कोमट करून आणलं होतं. म्हणाले, "तिना हात व्हता. ती गई, हातगुण बी गया." मग खाजवणं थांबवून, "आते या गोठामा काय जगी?"

भाकरी पुन्हा अर्धी.

मला म्हणायचं होतं, आबा, हातगुण नाही, चीक. पण ते तोंड बघून नुसतं दूध पुढे केलं. बाई गेल्या, आता घरचा रिवाजही चुकीचा म्हणायचा, मग आबांकडे राहिलं काय?

२४ डिसें., बुध.

लीलाक्का परतल्या. पिशवी ओट्यावर टाकून आधी गोठ्यात. धुईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "चीक कव्हय पाजा व?" मी सगळं सांगितलं. म्हसोबा, खुंटी, जार.

कपाळावर हात मारला त्यांनी. "अन् तू बठी ऱ्हायनी?"
हो.
"तुनी सासू काय बठी ऱ्हाये का? आबानी पाठ फिरनी का वासरू सोडे, थानले लावे. पोटभर. आबा येवाना पह्यले तोंड पुशीसन परत खुंटीले. बठ्ठ्या बायासले माहीत शे. तुले कोनी सांगं नही का व माय?"

कोण सांगणार? बाईंनी सांगायचं, तर मी तेव्हा पिंप्राळ्याला साड्यांना फॉल लावत होते. सणावाराला यायचे, खरवस खायचे, जायचे.

म्हणजे आबाही खरे आणि डॉ. बाईही खऱ्या. घरात वासरू गेलं नाही, कारण रिवाज दर वेळी मोडत होता. आणि आबा म्हणतात तेही खरंच. बाईंचा हातच होता तो.

हसूही आलं, हुंदकाही आला. डोळ्यांपुढे त्या दिसतात. आबा बांधाकडे चाललेत, लोटा सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत, आणि इकडे बाई लगबगीने दावं सोडताहेत. इतकी वर्षं. एक शब्द नाही.

लीलाक्कांचा आवाज इथल्या कान नदीच्या पलीकडे जाईल असा. आबा तेव्हा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. मी बाहेर आले तर सोलतच होते. ऐकलं का, कळलं नाही.

२५ डिसें., गुरु.

सांगू का नको. भाकरी थापताना वाटतं, सांगावं. त्यांनी ताट पुढे ओढलं की वाटतं, नको. लीलाक्कांना विचारलं. "मरेल बाईना शब्द तोडशी का?" म्हणाल्या. बाईंनी जाताना काही शब्द दिला-घेतला नव्हता, तरी त्यांचं म्हणणं पटलं.

पण तांबडी? आमची दुसरी गाय, तीही गाभण आहे, पौषातच व्यायची. तेव्हा काय करू?

हगवण थांबली. शेण पिवळसर, घट्ट. शेणाबद्दल एवढ्या प्रेमाने लिहीन असं वाटलं नव्हतं.

२८ डिसें., रवि.

पुढचा उजवा गुडघा सुजलाय. हात लावला तर गरम. ती पाय टेकवेना. मला काही सुचेना, मग आठवलं, डॉ. बाई बेंबी बघत जा म्हणाल्या होत्या. झूल वर केली. बेंबी ओली, जाड, वास येणारी. इतके दिवस मी लुगड्याच्या काठाकडे बघत होते आणि त्याच्याखाली हे.

डॉ. बाई लगेच आल्या. बेंबीतून शिरलं ते सांध्यात उतरलं. चीक कमी पडला की असं होतंच. राख नको, टिंक्चर हवं होतं. रोज इंजेक्शन. "वाचेल का?" मी विचारलं. म्हणाल्या, "वाचेल असं वाटतंय. पाय पूर्ण सरळ होईल का, ते आत्ता नाही सांगता येत."

आबांनी स्वतः तिला धरून ठेवलं. सुई टोचताना धुईने नाही, त्यांनीच डोळे मिटले.

४ जाने., रवि.

छळते! आज तिने मला छळलं! बाटली द्यायला उशीर झाला तर मांडीत अशी ढुशी मारली की मी चाऱ्यात बसले. हंबरली, मोठ्यांदा, बेसूर. मी ओरडूनच सांगितलं, आबा, ढुशी दिली! आबा तोंडातला घास तसाच ठेवून आले. तिने त्यांचं धोतर धरून ओढलं. ते हसले. भाद्रपदानंतर पहिल्यांदा.

साडेतीन पायांनी अंगण हिंडली, हिरवं लुगडं नेसून. पलीकडे पवनचक्क्या, अलीकडे ती. मी बघत बसले आणि भाजी लागली तळाला. वांग्याचं भरीतच करायचं होतं, तेव्हा फार काही बिघडलं नाही.

संध्याकाळी आबांनी विचारलं, "नाव काय ठेवं तिनं?"
धुई, म्हटलं.
"बरं शे," म्हणाले.

१४ जाने., बुध.

संक्रांत. तिळगूळ. धुईलाही बोटावर थोडा. गुडघ्याची सूज उतरलीय, पण गाठ आहे. उभी राहताना तो पाय जरा बाहेर पडतो.

डॉ. बाई तिळगूळ घेऊन गेल्या आणि टिंक्चरची बाटली ठेवून गेल्या. तांबडीसाठी. जाताना दारातच म्हणाल्या, "या वेळी वासरू उभं राहिलं की लगेच चीक. जारेची वाट नाही." मी मान हलवली. आबा समोरच होते. त्यांनी मान हलवली नाही. डोंगराकडे बघत राहिले.

मग मीच धीर केला. म्हटलं, आबा, तांबडीच्या वेळी...   लिंबावरून पानं गळत होती, आम्ही दोघं ती बघत होतो.

१८ जाने., रवि.

स. बाहेर पुन्हा तशीच धुई. हे उठलेले नव्हते. गोठ्यातून आबांची हाक. तांबडी व्याली. गोऱ्हा, तांबडाच, कपाळावर पांढरा ठिपका. बेंबी मी टिंक्चरच्या वाटीत बुडवली. आबांनी बघितलं.

आबांनी लोट्यात चीक काढला. झेंडूचं फूल ठेवलं. वासरू खुंटीला बांधलं, नेहमीसारखं.  आबांनी वहाणा घातल्या, ते दारापर्यंत गेले आणि थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "माले आज येळ लागी. धुई भलती शे."

गेले. मी दाव्याला हात घातला. बाई कशी गाठ सोडत असतील? माझ्या बोटांना सुटेना, मग सुटली. गोऱ्ह्याला तांबडीच्या पोटाखाली लोटलं, थान तोंडात दिलं. त्याला काही शिकवावं लागलं नाही. शेपटी उडवत, ढुश्या देत, फेस गाळत प्यायला. धुई आपल्या कोपऱ्यातून बघत होती. मी तिच्याकडे नीट बघू शकले नाही.

धुई जराशी विरळ झाली तेव्हा विहीर दिसली. विहिरीच्या कठड्यावर आबा बसले होते. लोटा मांडीवर, फूल अजून वरच. बांधाकडे गेलेच नव्हते. पाठ गोठ्याकडे केलेली.

किती वर्षं तिथे बसत आले असतील? की हे आजचंच, लीलाक्कांचं ऐकल्यानंतरचं? तिथून हाक मारून विचारता आलं असतं. मी नाही मारली.

ते उठून बांधाकडे गेले. मी गोऱ्ह्याला पुन्हा खुंटीला बांधलं. घाईत तोंड पुसायचं राहिलं. बाई असत्या तर विसरल्या नसत्या.

आबा आले. खाली बसले, गोऱ्ह्याकडे बघितलं. ओठांवर पिवळा फेस, नाकापर्यंत. खांद्यावरचा पंचा काढला, त्याच्या टोकाने तोंड पुसलं, नीट, दोन्ही बाजूंनी. पंचा पुन्हा खांद्यावर. थोड्या वेळाने जार पडली. डॉ. बाई म्हणाल्या होत्या तशी, लवकर.

"लाव आते थानले," आबा मोठ्याने म्हणाले, सगळ्या गोठ्याला ऐकू जाईल असं.

मी लावलं. पोट तट्ट भरलेलं, तो तोंड लावेना. फिरवून घेई. आबा त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि समजावायला लागले, "पी ना रे भाऊ. आते पी." मी पदर तोंडात कोंबून बाहेर आले.

दु. आबांनी पूर्ण भाकरी खाल्ली. धुई अंगणात हिंडली, पाय अजून बाहेर पडतो. उद्या डॉ. बाईंना गुडघा दाखवायचा आहे.